वारस नोंद : गावातल्या सेवा केंद्रावरून सातबाऱ्यापर्यंत

माझे वडील 9 नोव्हेंबर 2024 ला वारले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सोलापूर जिल्ह्यात, मराठवाड्याच्या शिवेला लागून आमचं गाव. साडेचार एकर जमीन, एक विहीर आणि विकास सोसायटीचं पीककर्ज. मी पुण्यात नोकरी करते, थोरली बहीण सासरी, धाकटा भाऊ आईबरोबर गावी राहून शेती बघतो. सातबाऱ्यावर दादांच्या जागी आमची नावं लागणं, आईचा शेतकरी ओळख क्रमांक निघणं आणि पीएम किसानची नोंद तिच्या नावे होणं, या तीन कामांत वर्ष गेलं. यातलं बहुतेक काम गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रावरून झालं. आता ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

घाई कर्जाची होती. सोसायटीचं कर्ज 31 मार्चच्या आत नवं-जुनं करावं लागतं, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायचं. मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शेतकऱ्याला व्याज पडत नाही. तारीख हुकली की सवलत गेली. कर्जदार वारलेला असेल तर वारसांची नावं लागलेला सातबारा पाहिल्याशिवाय नवीन कर्ज मिळत नाही, हे सोसायटीच्या सचिवांनी दहाव्याला भेटायला आले तेव्हाच हळू आवाजात भावाच्या कानावर घातलं होतं. त्यांचं मी वाईट वाटून घेतलं नाही. वेळेवर सांगणारं माणूस असलेलं बरं. कायद्यातही तीन महिन्यांची मुदत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या 149 व्या कलमाप्रमाणे वारसाने एवढ्या काळात तलाठ्याला कळवायचं असतं.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. दवाखान्यात माणूस गेलं तर त्या शहरात, घरी गेलं तर गावच्या ग्रामपंचायतीत. दादा घरीच गेले. 21 दिवसांच्या आत नोंद केली तर विलंबाची भानगड राहत नाही, म्हणून भावाने आठवड्यातच नोंद केली. दाखला छापण्याआधी नाव, वय आणि तारीख पडद्यावर नीट वाचून घ्या. पुढचा प्रत्येक कागद याच दाखल्याशी ताडून बघतात.

तलाठी कार्यालयात भाऊ 18 तारखेला गेला. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि अख्खं महसूल खातं निवडणुकीच्या कामाला जुंपलेलं. "निवडणूक होऊ दे, मग बघू," असं भाऊसाहेब म्हणाले. (तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, गावात मात्र तलाठी भाऊसाहेबच.) निकाल लागल्यावर भाऊ पुन्हा गेला, तेव्हाही "बघू". त्यांच्याकडे एकाच वेळी अनेक गावं होती, त्यामुळे टाळाटाळच होती असं मी म्हणणार नाही. पण तोंडी सांगितलेल्या कामाची कुठेही नोंद होत नाही, हे मला तेव्हा कळलं. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका केंद्रावाल्याने "तीन हजार द्या, सगळं करून देतो" असं सांगितलं. भाऊ तयार झाला होता. मी म्हटलं, आधी गावातलं केंद्र बघू.

आमचं केंद्र ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आहे. दारावरच्या भिंतीवर 'आपले सरकार सेवा केंद्र' असं रंगवलंय आणि त्या निळ्या रंगाखालून जुनं 'संग्राम केंद्र' अजून पुसट दिसतं. 2011 च्या सुमाराला ग्रामपंचायतीत संगणक आले ते संग्राम योजनेतून, त्याचीच ही पुढची आवृत्ती. त्याच्याही आधी, 1998 मध्ये, कोल्हापूर-सांगलीकडे वारणा खोऱ्यातल्या गावांमध्ये असे संगणक बसवले होते. शेतकऱ्याला उसाची नोंद आणि बिलाची माहिती गावातच मिळावी, तालुक्याला खेटे घालायला लागू नयेत, हा त्यामागचा विचार. आता उसाच्या जागी सातबारा, दाखले, विमा आणि पेन्शन आलंय.

केंद्र चालवणाऱ्या संगणक परिचालक गावच्याच सून आहेत. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला वन्सं. एक संगणक, एक प्रिंटर-स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र आणि बॅटरी दम तोडत आलेला इन्व्हर्टर. या परिचालकांना मानधन वेळेवर मिळत नाही, त्यासाठी त्यांनी राज्यभर किती आंदोलनं केली हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. प्रत्यक्ष त्यांच्याशेजारी तासन् तास बसल्यावर ती बातमी मला वेगळीच वाटू लागली. एका दुपारात पीकविम्याची पावती, रेशनकार्डाचं केवायसी, कुणाच्या नातवाचा उत्पन्नाचा दाखला, आणि मध्येच "पोरी, माझा पगार आला का बघ गं" म्हणत श्रावणबाळचं पासबुक पुढे करणारी आजी. 'पगार' म्हणजे पेन्शन. सगळ्यांना एकच बाई उत्तर देत होती.

2 डिसेंबरला आम्ही अर्ज भरायला बसलो. वारस नोंदीसाठी महसूल विभागाची ई-हक्क नावाची सोय आहे. त्या पोर्टलवर आपलं खातं उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, फेरफाराच्या (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीच्या) प्रकारांतून 'वारस नोंद' घ्यायची, मयताचा खाते क्रमांक टाकायचा, वारसांची माहिती भरायची आणि कागद जोडायचे. अर्ज थेट तलाठ्याच्या संगणकावर जातो. घरबसल्या स्वतः भरला तर पोर्टल पैसे घेत नाही. आमच्या घरी स्कॅनर नाही आणि मोबाइलवर ते पान नीट उघडत नव्हतं, म्हणून केंद्र गाठलं. वहिनींनी स्कॅन आणि प्रिंटचे मिळून 60 रुपये घेतले.

सकाळी अकराला बसलो आणि साडेबाराला वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालू राहिला, पण नेट गेलं. दुपारी नेट आलं तर सर्व्हर फिरतच राहिला. "वन्सं, सकाळी सहाला या. तेव्हा सर्व्हर हलका असतोय," असं वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी थंडीत कान बांधून आम्ही सहाला हजर. खरंच पाऊण तासात अर्ज झाला. तुमच्याकडेही दुपारी काही चालत नसेल तर परिचालकाला पहाटेची किंवा रात्रीची वेळ विचारून बघा.

वारसांच्या रकान्याशी आल्यावर वहिनी थांबल्या आणि मोठ्याने विचारलं, "मयताला वारस कोण कोण?" भाऊ म्हणाला, आई, मी आणि दोन बहिणी. बाकावर भावकीतले एक काका पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "पोरींची नावं कशाला घालता? दोघी दिल्या घरी सुखात हायत. पुन्हा सह्यांना हिंडत बसाल." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, गावात हेच चालत आलंय. वहिनींनी कीबोर्डवरचा हातही न उचलता उत्तर दिलं, "मामा, अर्जात सगळे वारस लिहावे लागतात. एक जरी लपवला तर उद्या हरकत आली की नोंद अडकती. ज्येला हक्क सोडायचाय त्येनं नंतर रजिस्टर हक्कसोड करावं." भाऊ लगेच म्हणाला, "लिहा वहिनी, चौघांचीबी." आमची चारही नावं त्या पडद्यावर एकाखाली एक उमटली तेव्हा मला भरून आलं. हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही तो आला, हे मला शहरात राहून पाठ होतं. पण आमच्या गावात तो माझ्या वाट्याला आला तो त्या खोलीत, त्या बाईने नियम स्पष्ट शब्दांत सांगितला म्हणून. बहिणींनो, अर्ज भरताना शक्य असेल तर स्वतः हजर राहा.

जोडलेले कागद असे होते : मृत्यूचा दाखला, खात्याचा 8अ उतारा (खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवणारा), सगळ्या वारसांची आधार कार्डं, रेशनकार्ड, पोलीस पाटलांचा दाखला आणि सगळे वारस नमूद केलेलं प्रतिज्ञापत्र. तालुक्याला मुद्रांक विक्रेत्याने प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प पुढे केला होता, कारण त्याच सुमाराला शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागू झालेला. पण सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. भाऊसाहेबांना तसं विचारून घेतलं आणि साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र चाललं. पाचशे रुपये वाचले.

शेवटी पडद्यावर अर्ज क्रमांक आला. वहिनींनी त्याची प्रत छापून दिली, वर पेनाने तारीख घातली आणि भावाच्या हातात देताना म्हणाल्या, "आता भाऊसाहेबांकडं जाताना नुस्तं दादांचं नाव सांगू नका, हा नंबर सांगा." केंद्राचा खरा उपयोग मला या वाक्यात दिसला. केंद्र तलाठ्याला टाळत नाही. चौकशी त्यालाच करायची असते, नोंद त्यालाच घालायची असते. पण याआधी भाऊ जायचा तो विनंती घेऊन. त्या दिवसापासून तो तारीख असलेल्या अर्जाची चौकशी करायला जाऊ लागला. भाऊसाहेबांनीही नंबर ऐकल्यावर लॅपटॉप उघडला आणि अर्ज समोर आणला.

12 डिसेंबरला अर्ज त्रुटी दाखवून परत आला. मला मोबाइलवर काही कळलं नाही, वहिनींनी लॉगिन करून पाहिलं तेव्हा दिसलं. म्हणून आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती बघायचीच. त्रुटी नावाची होती. सातबाऱ्यावर दादांच्या नावाचा शेवट 'बा' असा आहे, आजोबांनी लावलं तसं. आधारवर आणि म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर 'देव' असा. त्या पिढीत घरोघरी हे असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि दादांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडायला सांगितलं. शाळेच्या दाखल्यावर सुदैवाने 'बा'च होतं. दाखल्यासाठी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडा उंदरांनी खाल्लेल्या त्या पानावर दादांची जन्मतारीख शाईने लिहिलेली होती, आणि शेजारच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण, 'घरकाम'. भाऊ आणि मी ते पान बराच वेळ बघत बसलो. आईवडील हयात असतील तर सातबारा, आधार आणि बँकेतलं नाव आत्ताच ताडून बघा. त्यांनाच विचारून एका दिवसात जे सुटतं, ते नंतर फार जड जातं.

16 तारखेला सुधारलेला अर्ज गेला. त्यानंतर भाऊसाहेबांनी गावात चौकशी केली, पंचांसमोर वारसांची खातरजमा झाली, गाव नमुना 6क म्हणजे वारस नोंदवहीत आमची नावं आली आणि 7 जानेवारी 2025 ला फेरफार धरला गेला. मग नोटीस. हितसंबंधितांना हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. नोटीस चावडीवर लागते, तशीच 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते. पुण्यात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिथे आमचा गट क्रमांक रोज बघायचे. हरकत कुणाची येणार नव्हती, तरी मुदत संपेपर्यंत जीव टांगणीला होता. मुदत 22 तारखेला संपली. त्यानंतर नोंद प्रमाणित करणं मंडळ अधिकाऱ्यांकडे, म्हणजे गावच्या भाषेत सर्कलकडे असतं. तिथे थोडे दिवस गेले. भाऊ फेरफार क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात घेऊन एकदा भेटून आला. 5 फेब्रुवारीला नोंद मंजूर झाली.

केंद्रावर डिजिटल सही असलेला सातबारा 15 रुपयांत निघतो. महाभूलेखवर फुकट दिसतो तो फक्त बघायला, बँकेत किंवा कार्यालयात चालत नाही. नवा उतारा प्रिंटरमधून आला तसा वहिनींनी तो आधी आईकडे दिला. आईला वाचता येत नाही. तिने विचारलं, "ह्येच्यात मी कुठं हाय?" वहिनींनी तिचं बोट धरून ओळीवर टेकवलं. आई म्हणाली, "आन् त्यांचं?" दादांचं नाव कंसात गेलं होतं. तेही वहिनींनी दाखवलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचं नवं-जुनं झालं.

शेतकरी ओळख क्रमांकाचं काम त्याच काळात चालू होतं आणि केंद्रावर सकाळपासून रांग लागायची. इथे आईचे हात आडवे आले. जन्मभर खुरपणी, काढणी केलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र लाल व्हायचं. वहिनी तिचं बोट ओल्या फडक्याने पुसायच्या, खोबरेल तेलाचा थेंब चोळायच्या, दहाही बोटं लावून बघायच्या. आई ओशाळून म्हणायची, "माझंच बोट खराब हाय." यात तिला ओशाळायचं काही नव्हतं. हे यंत्र शेतात राबणाऱ्या हातांसाठीच बसवलं असेल, तर ते हात त्याला ओळखता आले पाहिजेत, असं मला अजूनही पोटतिडकीने वाटतं. ओटीपीचा मार्गही बंद होता, कारण तिच्या आधारला मोबाइल नंबरच जोडलेला नव्हता. ते काम आमच्या केंद्रावर होत नाही. आधार नोंदणी केंद्र वेगळं असतं, आमच्या जवळचं तालुक्याला. एसटीने जाऊन 50 रुपयांत भावाचा नंबर जोडून घेतला, काही दिवसांनी तो चालू झाला आणि मग ओटीपीने काम झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला चालू असलेला नंबर जोडलाय का, हे आज रात्रीच बघा. नंबर सतत बदलणाऱ्या मुलाचा नको, गावात राहणाऱ्याचा द्या.

त्यात आणखी एक पेच निघाला. फेरफार मंजूर होऊनही शेतकरी नोंदणीच्या पोर्टलवर आमच्या गटापुढे काही आठवडे दादांचंच नाव येत होतं. दोन यंत्रणांची माहिती एकाच दिवशी बदलत नाही. थांबण्यावाचून इलाज नव्हता. मार्च अखेरीस आईचं नाव दिसलं, नोंदणी झाली आणि पुढे क्रमांक मिळाला.

पीएम किसानचं सांगायचं तर दादांना शेवटचा हप्ता 5 ऑक्टोबर 2024 ला मिळाला होता, वाशीमच्या कार्यक्रमातून सुटलेला अठरावा. पुढचा हप्ता चुकून त्यांच्या खात्यात पडला असता तर परत करावा लागला असता, म्हणून मृत्यूचा दाखला आधीच तालुका कृषी कार्यालयात दिला होता. नवीन नोंदणीला सहसा 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी जमीन नावावर असावी लागते, पण वारसाने आलेल्या जमिनीला यातून सूट आहे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत नसते. एका केंद्रावर आईला "तुम्हाला बसत नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. वहिनींनी फेरफाराची प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडून एप्रिलमध्ये अर्ज भरला. मंजुरी सप्टेंबरपर्यंत लांबली, त्यामुळे 2 ऑगस्ट 2025 चा विसावा हप्ता हुकला. 19 नोव्हेंबरचा एकविसावा आईच्या खात्यात आला. केंद्र सरकारचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच, हा आकडा शहरात छोटा वाटेल. आमच्याकडे यातून बियाणं येतं.

पैशांबद्दल एक सांगायचं राहिलं. केंद्रात दरफलक लावलेला असतो, नसेल तर मागा. आमचं काम चालू असताना उत्पन्नाच्या दाखल्याचा ठरलेला दर 33 रुपये 60 पैसे होता आणि बाजारपेठेत शंभर-दीडशे सहज घेत होते. नंतर सेवाशुल्क वाढलंय, तेव्हा चालू दर बघून घ्या. प्रत्येक अर्जाची पावती घ्या, आणि पावतीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आलाय हे विचारायला लाजू नका. वहिनींसारखी परिचालक मिळाली तर तिला स्कॅनचे दहा रुपये जास्त लागले म्हणून घासाघीस करू नका. आणि ज्यांच्याकडे जुन्या मयतांची नावं अजून सातबाऱ्यावर आहेत, त्यांनी 'जिवंत सातबारा' मोहिमेची तलाठ्याकडे चौकशी करावी. ती एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवली गेली आणि तिच्यात वारस नोंदी मोफत केल्या गेल्या.

आमचं एक काम अजून बाकी आहे. विहिरीवरच्या मोटारीचं वीज कनेक्शन दादांच्याच नावावर आहे. नव्या सातबाऱ्याची आणि फेरफाराची प्रत काढून ठेवली आहे, आईच्या नावे करायला भावाची आणि आम्हा बहिणींची संमती लिहून झाली आहे. पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे, तेव्हा वहिनींच्या केंद्रावरूनच तो अर्ज भरायचा आहे. सकाळी सहाची वेळ सांगून ठेवली आहे.